इझमीरहून अकरा हॅट

२९ डिसेंबर

उत्कर्षानं आज आमच्या बँडचा अपमान केला आणि मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. दोन्ही खरं आहे म्हणून दोन्ही लिहून ठेवतो.

मोडनिंबच्या एका डाळिंबवाल्या बागायतदाराच्या पोरीचं लग्न १२ फेब्रुवारीला आहे. त्या लग्नाची सगळी व्यवस्था ज्या मॅडमकडे आहे त्यांच्या ऑफिसात उत्कर्षा दुपारनंतर काम करते, सकाळी कॉलेज. ती मूळची करमाळ्याची, इथं हॉस्टेलवर राहते. मी कॉलेज सोडलं तेव्हा आम्ही एकाच वर्गात होतो. तेव्हापासून तिला भेटायला मला कारण लागतं आणि कारण सापडत नाही. आज सापडलं तर हे असं.

हुसेनसाब, धोंडीराममामा आणि मी गेलो होतो. हुसेनसाब बँडचे मालक आणि क्लॅरिनेटवाले. धोंडीराममामा ट्रंपेट वाजवतात. मी साईड ड्रम. मॅडम म्हणाल्या, डीजे ठरल्यातच जमा आहे, बँड आता कुणाला नको असतो. हुसेनसाब उठायलाच लागले होते. तेवढ्यात उत्कर्षा म्हणाली, "यांचे ते लाल कोट आणि तयार फेटे नकोत, मॅडम. काळे कोट द्यायचे, डोक्यावर काळ्या फेल्टच्या हॅट. जुन्या पिक्चरमधल्या पार्टीसारखं दिसेल. नवरीला तसलंच आवडतंय."

मॅडमनी विचार केला. म्हणाल्या, हॅट खऱ्या फेल्टच्या पाहिजेत, वाढदिवसाच्या चमकीच्या टोप्या नकोत. जमलं तर तुम्ही, नाहीतर डीजे.

जिना उतरताना माझं डोकं फुटायला आलं होतं. आमच्या फेट्याला हसते म्हणजे काय? धोंडीराममामा म्हणाले, "आरं लेका, पोरीनं दार उगडलं की." मी म्हणालो, कसलं दार, लाथ मारली तिनं. मामा नुसते हसले. मामांना बायकांचं काही कळत नाही.

हुसेनसाब कोपऱ्यावर चहा पिताना एवढंच म्हणाले की हे लग्न गेलं तर पाडव्याला दुकान बंद करतो. बोलण्यात चिडचिड नव्हती, म्हणून मला भीती वाटली.

२ जानेवारी

नवी पेठेत दिवसभर फिरलो. मिळतात त्या हॅट कापडी, आत पुठ्ठा, घाम आला की रंग कपाळावर. खऱ्या लोकरी फेल्टची एक सापडली, तिचा भाव ऐकून दुकानदाराशी भांडलो. त्याची चूक नव्हती. पुण्यातल्या दुकानांत तर त्याहून जास्त.

संध्याकाळी हुसेनसाबांना सांगितलं की परदेशातले लोक ऑनलाइन विकतात, तिथं बरंच स्वस्त पडेल. वाटलं होतं, नको म्हणतील. ते म्हणाले, "हौ, तू कर ना बेटा. तूच कर. हमको क्या समजता उसमें."

कॉलेज सोडल्यापासून कुणी मला 'तूच कर' म्हणालं नव्हतं. अप्पा तर तेव्हापासून माझ्याशी बोलतच नाहीत. आईला, म्हणजे अव्वाला सांगतात, "त्याला सांग, सायकलचं कुलूप लाव." मी तिथंच उभा असतो. अव्वा मला सांगते, मी अव्वाला हो म्हणतो. पहाटे अप्पा टोपी घालून सायकलवर एमआयडीसीला जातात, टॉवेलच्या कारखान्यात. त्यांना वाटतं मी डोकं तापवून आयुष्य घालवलं. कॉलेजात सरांवर हात उगारला तेव्हा तापलं होतं हे खरं. पण सर काय बोलले ते त्यांनी ऐकलं नाही.

६ जानेवारी

लोकर म्हणून प्लॅस्टिक विकणारे लई आहेत. तीन ठिकाणी फोटो एकच, नावं वेगळी. एका पोलंडवाल्याचं उत्तर आलं, पण टपालखर्च हॅटपेक्षा जास्त. मग तुर्कस्तानातल्या इझमीर गावची नेरिमान नावाची बाई सापडली. तिचं छोटं दुकान आहे. हॅट जाळून दाखवल्याचा व्हिडिओ टाकलाय, लोकर जळते तशी जळते, वितळत नाही. अकरा घेतल्या तर भाव उतरवते म्हणाली. नवी पेठेतल्या एका हॅटच्या पैशात तिच्या तीन येतात.

ती तुर्कीत लिहिते, मी मराठीत, मधे फोन भाषांतर करतो. तिनं मला 'मौल्यवान भाऊ' म्हटलं. मी पण तिला 'मौल्यवान ताई' म्हटलं.

तिनं प्रत्येकाच्या डोक्याचं माप मागितलंय. कानाच्या वर, कपाळावरून, सेंटिमीटरमध्ये.

१७ जानेवारी

माप घ्यायचं म्हणजे माणसं एका जागी सापडायला पाहिजेत. कुणी वळसंगला शेतात, कुणी रिक्षावर, कुणी लेकीकडे. गड्ड्याची जत्रा सुरू झाल्यावर तर विचारूच नका. हुसेनसाब दुकानातच असतात म्हणून त्यांचं तेवढं सुतळीनं घेतलं.

आज गड्ड्यावर धोंडीराममामा आणि ढोलवाले बिरप्पा टोपीच्या दुकानापुढं दिसले. दुकानदार विचारत होता, नंबर काय. मामा म्हणाले, साडेबावीस. बिरप्पा म्हणाले, तेवीस. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. टोपीचा नंबर म्हणजे डोक्याचा घेर, इंचात. आमच्या बँडमध्ये हुसेनसाब आणि मी सोडून सगळे टोपीवाले, प्रत्येकाला आपला नंबर जन्मापासून पाठ. टेप कशाला पाहिजे? तिथंच उभा राहून सगळ्यांना फोन केले, अर्ध्या तासात नंबर हातात. माझा साडेबावीस धरला, मामांएवढाच दिसतो.

बिरप्पांनी विचारलं की ती साहेबी टोपी डोक्याला टोचती का. मी म्हणालो, काका, मऊ असते, मांजरासारखी. ते म्हणाले, "मांजार डोक्यावर घेऊन ढोल बडवायचा म्हन की."

इतकं हुशार वाटलं मला स्वतःला, की उत्कर्षाला मेसेज केला: मापं झाली. तिनं अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

१८ जानेवारी

इंचाचे सेंटिमीटर करून नेरिमानला पाठवले. तिनं विचारलं, टेपने मोजले ना? मी हो म्हणालो. तिनं पुन्हा विचारलं, आणि टेप कशी धरायची त्याचं चित्र पाठवलं. मला राग आला. लिहिलं, माझ्या माणसांची डोकी मला माहीत आहेत, तुम्ही हॅट पाठवा. आज मौल्यवान भाऊ म्हटलं नाही तिनं. 'ठीक आहे' म्हणाली.

हुसेनसाबांनी पैसे भरले. ऑर्डर गेली.

३१ जानेवारी

बरेच दिवस पार्सल मुंबईतच आहे, हलत नाही. नेरिमानला तीन दिवस जे लिहिलं ते इथं लिहीत नाही. फसवी, चोर, असलं सगळं. भाषांतरात ते किती वाईट झालं असेल कुणास ठाऊक. ती प्रत्येक वेळी शांतपणे लिहिते, कृपया तुमचे टपाल बघा.

आज उत्कर्षाच्या ऑफिसात जाऊन पाय आपटले. ती जेवत होती. डबा बाजूला सारून तिनं माझा फोन घेतला आणि मेल उघडले. कस्टमवाल्यांनी माझ्या ओळखीचा पुरावा मागितला होता. मी तो मेल जाहिरात समजून उघडलाच नव्हता. तिनं तिथंच माझ्या आधार कार्डाचा फोटो काढून पाठवला. मग म्हणाली, "डोकं तापलं की तुला वाचता येत नाही, हे तुला कुणी सांगितलंय का?"

मी खुर्ची ओढून बसलो.

मग माझा फोन माझ्या हातात ठेवून म्हणाली, त्या बाईला माफीचं लिही, मी बघते. मी लिहिलं. ती म्हणाली, अजून एक ओळ. लिहिली. मग तिनं अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी माझ्याकडे सरकवली आणि विचारलं, अप्पा बोलतात का आता. मी नाही म्हणालो. बाकीची भाकरी तिनं खाल्ली नाही, तशीच माझ्याकडे दिली. भूक नसेल तिला.

नेरिमानचं उत्तर आलं: मौल्यवान भाऊ, माझा मुलगा तुझ्यासारखाच आहे.

ही बाई मला भेटली हे माझं नशीब. आणि उत्कर्षा माझ्यावर हसली नाही, हेही.

८ फेब्रुवारी

संपलं सगळं.

पार्सल काल आलं. प्रत्येक हॅटमध्ये पातळ कागद भरलेला, सगळ्यांत मिळून एक निळा मणी, दृष्ट लागू नये म्हणून. हॅट इतक्या सुंदर की हात लावायची भीती वाटावी. आज सगळ्यांना दुकानात बोलावलं. टोप्या काढून बाजूला ठेवल्या आणि हॅट घातल्या.

धोंडीराममामांची हॅट भुवया ओलांडून नाकापर्यंत आली. आतून आवाज आला, "दिवस मावळला काय रं?" बिरप्पांची कानावर बसली, कान बाहेरच्या बाजूला दुमडले. एकेकाची तीच गत. माझी गरगर फिरते. फक्त हुसेनसाबांची नीट बसली, सुतळीनं मापलेली. ते आरशात बघून लाजले.

मी ओरडलो की तुम्ही सगळ्यांनी मला खोटे नंबर सांगितले. मामा म्हणाले, "खोटं कशापायी? टोपी एक नंबर मोठीच घ्यायची असती. धुतली की आटती. पहिल्या पाण्यालाच बसती डोक्याला." बाकीच्यांनी माना हलवल्या. हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यांना. माझ्या बापाला, त्याच्या बापाला. मला एकट्याला नाही, कारण मी टोपी घालत नाही.

लोकर काही धुवून आटवायची सोय नाही. परत पाठवायला वेळ नाही. मी दुकानाबाहेर जाऊन पायरीवर बसलो. आत सगळे हसत होते, आणि ते मला हसत नव्हते हे ऐकू येत होतं, तरी राग येत होता. हुसेनसाब बाहेर आले, माझ्याशेजारी बसले. त्यांनी दुकान बंद करायचं बोलावं म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "मेरी वाली तो फिट है बे." आणि परत आत गेले.

९ फेब्रुवारी

कालच्या पानाची शाई वाळायच्या आत हे लिहितो.

सकाळी मी पट्ट्या चिकटवायला फोम घेऊन गेलो. बिरप्पा आधीच आले होते. हॅट घालून बसले होते, आणि ती बसली होती. कानाच्या वर, कपाळावर, जशी चित्रात असते तशी. मी म्हणालो, काका, काय केलं. ते म्हणाले, काय न्हाय. हॅट उचलली तर खाली टोपी.

म्हणाले, "आनि काय तर? लगनाच्या कामात उगड्या डोक्यानं उबं ऱ्हायाचं व्हय? काल तू काढ म्हनलास म्हून काढली. त्यो फेटाबी आमी टोपीवरच ठेवतो की."

मी इतके महिने यांच्यासोबत वाजवतोय. फेट्याखाली टोपी असते हे मी कधी बघितलंच नव्हतं. टोपीची दुहेरी घडी कपाळाभोवती येते आणि मोठा झालेला नंबर बरोबर भरून काढते. मी मापं अचूक घेतली असती तर एकाचीही हॅट टोपीवर चढली नसती, आणि हॅटसाठी टोपी काढायला कुणी तयार झालं नसतं. मामांनी सरळ सांगितलं, "मी तर परत लाल कोटच घातला असता बाबा."

एकेकानं टोपीवर हॅट घातली. काळ्या काठाखाली पांढरी रेघ दिसते. वाईट दिसत नाही. घामही टोपी पिते.

उत्कर्षाला फोटो पाठवला, मॅडमना ती पांढरी रेघ चालेल का विचारून. तिनं लिहिलं, 'मी बघते.' मग अर्ध्या तासानं, 'चालेल.' मॅडमना एवढं सहज पटलं याचं नवल वाटतंय.

देवाचं, बिरप्पांचं, पाण्याचं, सुताचं, कुणाचं नाव घेऊन आभार मानू?

११ फेब्रुवारी

माझी एकट्याची हॅट अजून गरगर फिरते. आत वर्तमानपत्र घालून बघितलं, मान हलवली की कुरकुर वाजतं. ड्रमवर काडी पडली की हॅट डोळ्यावर. फोमनं डोकं खाजतं. घरात आरशापुढं बराच वेळ झटापट केली, अव्वा चुलीजवळून बघत होती. तिनं विचारलं, टोपी का घालत नाहीस मग आत. मी म्हणालो, मी कुठं म्हातारा आहे, आणि टोपी आणू कुठनं आता. अप्पा जेवत होते. पाणी पिऊन उठले.

उद्या पहाटे गाडी निघणार. कानात कापूस घालावा तसा काठात कापूस घालीन.

१३ फेब्रुवारी

काल लिहायचं त्राण नव्हतं. क्रमानं लिहितो.

पहाटे उठलो तर माझ्या बॅगेवर, घडी घातलेल्या कोटावर, एक टोपी. पांढरीशुभ्र, इस्त्री केलेली. नवी असूनही कापड मऊ होतं. अव्वानं आणून धुवूनही ठेवली असणार, आधीच आटलेली बरी म्हणून. घालून बघितली, जशी माझ्यासाठीच शिवलेली. वर हॅट घातली, हललीसुद्धा नाही. अव्वाच्या पाया पडलो. ती म्हणाली, "माझ्या कशाला पडतोस," आणि डोळे पुसले. आईचं असंच असतं, उपकार केला असं म्हणवूनही घेत नाही. मग म्हणाली, "ऊटा माडु," आणि उपाशी जाऊ नको म्हणून भाकरीवर दही घातलं.

अप्पा त्याआधीच निघाले होते. खिडकीतून सायकल जाताना दिसली. डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. यंदा ऊन लवकर आलंय.

मोडनिंबला वरात निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी. हुसेनसाबांनी सुरुवात धरली आणि आम्ही अकरा जण काळ्या हॅटमध्ये चालायला लागलो. आधी सगळे टक लावून बघत होते. मग मोबाईल वर झाले, एकदम सगळेच. नवरी गच्चीवरून बघत होती, टाळ्या वाजवत होती. डीजेची कुणाला आठवणसुद्धा नव्हती.

मग ते घडलं. नवऱ्याचा एक दोस्त, तोंडाला वास मारणारा, नाचत नाचत पुढं आला आणि त्यानं धोंडीराममामांच्या डोक्यावरची हॅट उचलली. स्वतःच्या डोक्यावर घातली. ती त्याच्या नाकावर आली, लोक हसले. तो आणखी चेकाळला, हॅट फिरवली, सोडली, आणि तिच्यावर पाय पडला.

भर रस्त्यात, पाहुण्यांपुढं, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर हात. मला पुढचं दिसेना. एक पाऊल पुढं टाकलं होतं मी, काड्या मुठीत उलट्या धरल्या होत्या. कॉलेजात सरांच्या टेबलापुढं होतो तसाच होतो.

तेव्हा मामांकडे बघितलं. ते वाजवत होते. डोक्यावर त्यांची टोपी होती, सरळ, जशी घरातून निघताना घातली होती तशी. हॅट गेली होती, पण डोकं उघडं पडलं नव्हतं. ट्रंपेटवरून त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, ठेका सुटला म्हणून. खरंच सुटला होता. माझ्या ड्रमवाचून सगळे अर्धवट लटकले होते. हुसेनसाब माझ्याकडे न बघता तोच सूर लांबवत होते, मी येईपर्यंत.

काड्या सरळ केल्या आणि ठेक्यावर आलो. जरा जोरातच वाजलं.

नवरीचे आजोबा गर्दीतून पुढं आले. त्यांच्याही डोक्याला टोपी. त्यांनी वाकून हॅट उचलली, उपरण्यानं झटकली, खोलगट झालेली बाजू आतून मुठीनं वर काढली आणि स्वतःच्या हातानं मामांच्या टोपीवर ठेवली. मामा वाजवतावाजवता खाली वाकले. त्या दोस्ताला कुणीतरी बाजूला नेलं.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्यावर उत्कर्षा पाण्याचा ग्लास घेऊन आली. म्हणाली, "मला वाटलं, आता तू मारतोस."

मी म्हणालो, "मलाही."

"मारलं असतंस तर माझी नोकरी गेली असती. तुमची हमी मी घेतली होती मॅडमकडे."

मी विचारलं, "का घेतलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे मी काहीतरी मूर्खासारखं विचारलं असणार. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली, जिलबी कमी पडली म्हणून. गेली. हुसेनसाबांवर तिचा पहिल्यापासून विश्वास असेल. आहेच ते तसे.

परतताना गाडीत कळलं की मॅडमनी आणखी दोन लग्नं दिली. हुसेनसाब म्हणाले, "अब पाडवे को दुकान को नया रंग मारतें." बिरप्पा म्हणाले, रंग काळा द्या, हॅटसारखा. सगळे हसत होते, मी खिडकीकडे तोंड करून बसलो, कारण डोळे भरले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते.

१५ फेब्रुवारी

नेरिमानला वरातीचा फोटो पाठवला. तिनं विचारलं, हॅटखाली ती पांढरी पट्टी कसली, माझ्या हॅट मोठ्या झाल्या का. मला सगळं लिहून सांगायचं होतं, पण आटणं, नंबर, उघडं डोकं, फोनला यातलं काही नीट जमेना. उत्कर्षा बसस्टँडवर करमाळ्याच्या गाडीची वाट बघत होती, तिला सोडायला गेलो होतो. तिला विचारलं, काय लिहू.

ती म्हणाली, "लिही की, आमच्याकडे हॅट अशीच घालतात."

लिहिलं. नेरिमाननं तो फोटो दुकानाच्या पानावर लावला. आम्ही अकरा जण इझमीरमध्ये लागलोय. उत्कर्षानं फोटो मोठा करून आधी माझा चेहरा बघितला, मग माझ्या कपाळावरची पांढरी रेघ. म्हणाली, टोपी कुणाची. मी म्हणालो, माझी, अव्वानं आणली. ती हसली आणि म्हणाली, "नीट विचार एकदा घरी." गाडी लागली म्हणून राहिलं. तिला जे सांगायचं ठरवून गेलो होतो तेही राहिलं. पण खिडकीतून तिनं, मी न विचारता, परतीच्या गाडीची वेळ सांगितली.

घरी आलो तर अप्पा ओसरीवर बसलेले, डोकं उघडं. मी त्यांना उघड्या डोक्यानं कधी बघितलं नव्हतं. केस किती पांढरे झालेत. आज चौथा दिवस ते टॉवेल गुंडाळून कामाला जातायत, कपाळ उन्हानं काळवंडलंय. त्यांची टोपी कुठं हरवली कोण जाणे. अव्वाला विचारलं तर तिनं पदर तोंडाला लावला, हसते की रडते कळलं नाही.

हुसेनसाबांनी आज मला माझ्या वाट्याचे पैसे दिले. पहिलं काम करायचं ठरवलंय, अप्पांना नवी टोपी. पण दुकानदार नंबर विचारणार. अव्वा म्हणाली, मला काय ठाऊक, त्यांनाच विचार.

म्हणजे बोलावं लागेल. ते अजून ओसरीवरच आहेत. वही मिटतो आणि जातो.